मैदानबंदीचा इतिहास आणि विद्यापीठाच्या मुलींचा फुटबॉल

१४ फेब्रुवारी २०१७. दिल्लीत कोटला क्रिकेट मैदानाच्या शेजारी डॉ. आंबेडकर स्टेडियम आहे, तिथे भारतातल्या पहिल्या राष्ट्रीय महिला फुटबॉल लीगचा अंतिम सामना झाला. मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० ने हरवले. देशात पुरुषांची राष्ट्रीय लीग १९९६ साली सुरू झाली होती. बायकांना त्यासाठी आणखी वीस वर्षे थांबावे लागले, आणि ती वाट संपली तेव्हा मैदानावर नाव होते बाबासाहेबांचे. आपल्या चळवळीत या गोष्टीची फारशी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. आपण पुतळे मोजतो, चौक मोजतो, मैदाने मोजत नाही.

त्या अंतिम फेरीत सहा संघ होते. त्यातला एक होता जेप्पियार इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. म्हणजे चेन्नईकडचे एक अभियांत्रिकी महाविद्यालय. दुसरा होता हरियाणातल्या भिवानी जिल्ह्यातल्या अलखपुरा नावाच्या गावाचा. आपल्या महाराष्ट्रातून पुणे सिटी होता, त्याच्यामागे मोठा व्यावसायिक क्लब होता. मला विचार करायला लावले ते पहिल्या दोघांनी. एका महाविद्यालयाचा मुलींचा संघ आणि एका खेड्याचा मुलींचा संघ जर देशाच्या लीगमध्ये उतरू शकतो, तर नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचा मुलींचा संघ नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हा पातळीवरच्या लीगमध्ये वर्षभर खेळायला काय हरकत आहे? प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र शंभर वर्षांच्या इतिहासात जाऊन शोधावे लागते, कारण बायकांना आणि अस्पृश्यांना मैदानाबाहेर ठेवण्याची पद्धत जवळपास एकच आहे.

इंग्लंडपासून सुरुवात करू. फुटबॉल हा तिथल्या कामगारांचा खेळ. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बाया कामाला लागल्या. प्रेस्टन शहरातल्या डिक, कर अँड कंपनी या कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत चेंडू खेळायच्या. त्यातून १९१७ साली संघ उभा राहिला. त्या वर्षीच्या नाताळात त्यांचा पहिला मोठा सामना झाला तेव्हा दहा हजार लोक पाहायला आले. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध त्या खेळल्या तेव्हा आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि हजारो लोक जागा नाही म्हणून बाहेर राहिले. तिकिटाचा पैसा जखमी सैनिकांसाठी, इस्पितळांसाठी जायचा. १९२१ साली खाणमालकांनी कामगारांना टाळेबंदी करून उपाशी ठेवले, तेव्हा बायकांच्या संघांनी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळून पैसा उभा केला. हे वाक्य पुन्हा वाचा. इथपर्यंत सगळे कौतुक होते. गरीब बाया श्रीमंतांनी ठरवून दिलेल्या धर्मादायासाठी खेळत होत्या तोवर चालले. संपात आणि टाळेबंदीत अडकलेल्यांसाठी खेळू लागल्या तेव्हा अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

५ डिसेंबर १९२१ ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. फुटबॉल हा बायकांना न मानवणारा खेळ आहे, धर्मादायाच्या पैशाचा हिशेब नीट नाही, अशी कारणे दिली गेली. काही डॉक्टरही पुढे आले आणि बाईच्या शरीराला हे सोसत नाही म्हणू लागले. हे सोसत नाही म्हणणारे डॉक्टर त्याच बाईला कारखान्यात बारा-बारा तास तोफगोळे भरताना पाहत होते, तेव्हा त्यांना तिच्या शरीराची काळजी वाटली नव्हती.

पण माझा मुद्दा कारणांचा नाही, पद्धतीचा आहे. असोसिएशनने बायकांना खेळू नका असे सांगितले नाही. तसे सांगायचा तिला अधिकारच नव्हता. तिने आपल्या संलग्न क्लबांना एवढेच कळवले, की तुमची मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नका. बस्स. खेळायला बंदी नाही, फक्त जिथे खेळता येते ती प्रत्येक जागा बंद. प्रेक्षकांचे स्टँड, तिकीटखिडकी, नीट राखलेले गवत, सगळे क्लबांच्या ताब्यात. बायकांकडे उरली रिकामी शेते आणि बागा. डिक, करच्या बायका तशाही खेळत राहिल्या, १९२२ साली अमेरिकेत जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळल्या, संघ १९६५ पर्यंत टिकला. त्यातली लिली पार ही चौदा-पंधराव्या वर्षी संघात आलेली गरीब घरातली मुलगी तिच्या काळातली मोठी खेळाडू ठरली. पोटासाठी ती मनोरुग्णालयात परिचारिकेचे काम करत होती. इंग्लंडची मैदानबंदी उठायला १९७१ साल उजाडले. पश्चिम जर्मनीच्या महासंघाने १९५५ साली तीच युक्ती केली आणि १९७० साली मागे घेतली. ब्राझीलने तर १९४१ साली सरळ सरकारी हुकूम काढला, तो १९७९ पर्यंत चालला. आज ज्या देशांना आपण फुटबॉलचे देश म्हणतो, त्यांनी आपल्या अर्ध्या लोकसंख्येला दोन-दोन पिढ्या मैदानाबाहेर उभे केले होते.

आता महाडला या.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर काहीच अडचण उरली नव्हती. तळे खुले होते. फक्त तिथपर्यंत जाणाऱ्या माणसाला मार पडला असता. म्हणूनच २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोक बरोबर घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतराव्या लागल्या. आणि मारहाण झालीच. पुढे कज्जा चालला तो मार्च १९३७ पर्यंत, मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल देईपर्यंत. ठराव ते निकाल, चौदा वर्षे.

हक्क आणि जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बाबासाहेबांनी आपल्याला महाडमध्ये शिकवले. हक्क नाकारायला कायदा करावा लागतो. जागा नाकारायला काही करावे लागत नाही. कुलूप पुरते. "आज मैदान दुसऱ्या कार्यक्रमाला दिले आहे" एवढे वाक्य पुरते.

खेळात जात कशी काम करते याचे आपल्याकडचे सर्वांत ठळक उदाहरण पाळवणकर बाळूंचे आहे. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा माणूस पुण्याच्या क्लबात आला तो खेळाडू म्हणून नव्हे. खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे, जाळी बांधणे, रेषा आखणे, हे त्यांचे काम. पगार महिना तीन-चार रुपये. रिकाम्या वेळात गोऱ्या साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत. त्यातून भारतातला त्या काळचा सर्वश्रेष्ठ फिरकी गोलंदाज घडला. हिंदूंच्या संघाला त्यांचा हात हवा होता, त्यांची सोबत नको होती. चहाच्या वेळी बाकीचे आत चिनी मातीच्या कपात पीत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते त्यांचे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, १९२३ साली, तेही मोठ्या वादानंतर. बाळू पुढे काँग्रेसकडून १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले, म्हणून आपल्यातले काही जण त्यांचे नाव घेणे टाळतात. हा कद्रूपणा आहे. तरुण बाबासाहेबांनीच बाळूंच्या सत्कारात पुढाकार घेतला होता. राजकीय भूमिका वेगळी, मैदानावरचा पराक्रम वेगळा.

बाळूंच्या गोष्टीत मला सतत टोचते ते एकच. ज्याने मैदान झाडले, सारवले, राखले, त्याला त्याच मैदानावर खेळण्यासाठी स्वतःला असामान्य सिद्ध करावे लागले. सवर्ण पोराला सामान्य असूनही खेळता येत होते. आरक्षणाच्या वादात 'मेरिट' म्हणून आपल्या तोंडावर जे फेकले जाते, त्याचा उगम इथे दिसतो.

आता आपल्या भागाकडे येऊ. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. निजामाची राजधानी हैदराबाद हे तेव्हा भारतीय फुटबॉलचे मोठे केंद्र होते. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानी नेले आणि १९६२ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवून दिले. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण खेळाच्या दृष्टीने आम्ही हैदराबादच्या अंगणातून निघून मुंबईच्या ओसरीच्या कडेला येऊन बसलो. मुंबईत १९०२ पासून हारवूड लीग होती, कोल्हापुरात पेठापेठांचे तालीम संघ होते. नांदेड-लातूरला त्या तोडीचे काही उभे राहिले नाही. माझ्या मते मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा सिंचन आणि रस्ते यांवर थांबते, हा तिचा दोष आहे. मैदानांचाही अनुशेष आहे आणि तो कोणी मोजलेला नाही.

कोल्हापूरचे नाव निघाले म्हणून थोडे विषयांतर. शाहू महाराजांच्या त्या नगरीत शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांचे सामने लागले की पेठा रिकाम्या होतात. महाराष्ट्रात फुटबॉल लोकांचा आहे असे एकच शहर दाखवायचे असेल तर मी कोल्हापूर दाखवीन. पण तालीम ही मूळची पुरुषांची संस्था. तिच्या पोटातून उभा राहिलेला क्लब मुलींना आपोआप आत घेत नाही. कोल्हापूरच्या मुलींनी तरीही वाट काढली, एफसी कोल्हापूर सिटीचा महिला संघ राष्ट्रीय लीगपर्यंत गेला. हे होऊ शकले कारण शहरात लीगची सवय होती. पंच होते, प्रशिक्षक होते, शनिवार-रविवारी सामना असतो हे लोकांना माहीत होते. लीग नावाची गोष्ट आधी हवी.

नागपूरचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या मुलांना पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिले आणि त्यातून स्लम सॉकर उभे राहिले. पुढे मुलीही त्यात आल्या आणि बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेल्या. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा 'झुंड' त्यावरच आहे. त्या सिनेमातली आंबेडकर जयंती आपण सगळ्यांनी स्टेटसला ठेवली. त्यातली भिंत किती जणांनी पाहिली? महाविद्यालयाचे हिरवे मैदान एका बाजूला, वस्ती दुसऱ्या बाजूला, मध्ये भिंत. सिनेमा त्या भिंतीचा आहे.

विद्यापीठाबद्दल बोलायचे तर रक्तापासूनच सुरुवात करावी लागते. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यातल्या दलित मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार पहिल्यांदा खरेखुरे उघडले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. सोळा वर्षे लढा चालला. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले. नांदेड, लातूर, परभणी आणि आजचा हिंगोली हे त्याचे क्षेत्र. म्हणजे आमच्या अहमदपूरच्या मुलीच्या पदवीवर कोणते नाव असावे यासाठी माणसे मेली आहेत. इतकी किंमत मोजून मिळवलेल्या विद्यापीठाकडून आपण फक्त पदवीचा कागद मागायचा का? त्याची वसतिगृहे, ग्रंथालय, प्रयोगशाळा आपली, तसे मैदानही आपलेच.

आता या मैदानावर मुलींच्या फुटबॉलचे काय होते ते पाहू. पद्धत अशी: महाविद्यालयांच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होतात, त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, काही दिवसांचे सराव शिबिर लागते आणि संघ भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला जातो. तिथे पहिल्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. पहिला सामना हरला की परतीची गाडी. सहा तालुक्यांतून गोळा केलेल्या, एकमेकींची नावे नुकतीच पाठ झालेल्या अठरा मुली, समोर वर्षभर एकत्र खेळणारा संघ. निकाल काय लागणार? मग अहवालात लिहायचे की मुलींचा प्रतिसाद कमी. पुढच्या वर्षी पुन्हा नव्या मुली.

संघ म्हणजे अठरा जर्सी नव्हेत. मधल्या फळीतली मुलगी मान वर न करता चेंडू सोडते, कारण डावीकडे कोण धावत आली असेल हे तिला ठाऊक असते. हे ठाऊक होणे शिबिरात येत नाही. दर आठवड्याला सामना खेळून, हरून, बसमध्ये भांडून, पुन्हा खेळून येते. म्हणून लीग. बाद फेरीत हरलेला संघ संपतो, लीगमध्ये हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात असतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकही संधी मिळाली नाही त्यांना एकाच संधीत स्वतःला सिद्ध करा म्हणणे, ही बाद पद्धत आपल्या मुलींना खेळाबाहेरही चांगली ओळखीची आहे.

संस्थेचा संघ लीगमध्ये कसा खेळेल, अशी शंका काही प्राध्यापक काढतात. मुंबईच्या लीगमध्ये बँका, रेल्वे, कारखाने, कस्टम्स यांचे संघ वर्षानुवर्षे खेळत आले. कारखान्याचा संघ चालतो, मग विद्यापीठाचा का नाही? जेप्पियारचे उदाहरण वर दिलेच आहे. जिल्हा संघटनेकडे संघ नोंदवायचा, खेळाडूंची नोंदणी करायची, जुलै ते फेब्रुवारी सामने खेळायचे. मुलींचे पुरेसे संघ नसतील तर विद्यापीठाने आपलेच दोन संघ करावेत, एक नांदेडचा, एक लातूर उपकेंद्राचा. अहमदपूर दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर आहे, इथल्या मुलीने कोणत्याही बाजूला जावे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा जुना बहाणाही निम्मा झाला आहे.

एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा जो राज्यस्तरीय क्रीडा महोत्सव भरतो त्याचे नाव 'अश्वमेध'. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, धावणे यांसाठी तो ओळखला जातो. नाव कोणी ठेवले, काय विचार करून ठेवले, मला त्यात जायचे नाही. पण सोडलेला घोडा जिथे जाईल ती जमीन राजाची, आणि शेवटी त्या घोड्याचा बळी, हा यज्ञ. तथागतांनी कूटदंत ब्राह्मणाला पशुहत्येचे यज्ञ सोडायला सांगितले ते अडीच हजार वर्षांपूर्वी. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या राज्याला खेळाडू मुला-मुलींच्या उत्सवासाठी सम्राटाच्या यज्ञाशिवाय दुसरे नाव सापडले नाही.

कपड्यांचा प्रश्न टाळून हा विषय पुरा होत नाही. मी वस्त्यांमध्ये काम करते, पालकांशी बोलते. आई बहुतेक वेळा तयार असते. बाप म्हणतो, खेळू दे, पण ती चड्डी नको. चुलता म्हणतो, लोक काय म्हणतील. हे 'लोक' कोण? डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेत बाबासाहेब आपल्या आया-आज्यांशी कपड्यांवर बोलले होते. ज्या लुगड्याच्या नेसणीवरून, ज्या गिलटाच्या दागिन्यांवरून तुमची जात दुरून ओळखू येते ते टाका, असा त्याचा आशय होता. आणि बायकांनी रातोरात नेसण बदलली. गुडघ्यापर्यंतचे लुगडे घोट्यापर्यंत आले. तेव्हा घोट्यापर्यंत नेसणे हा उद्धटपणा होता, आज गुडघ्यापर्यंतची चड्डी हा उद्धटपणा आहे. लांबी बदलली, बाईने काय घालावे हे गावाने ठरवायचे, ते तसेच राहिले. आमच्या अहमदपुरात मुस्लिम मुलीही कमी नाहीत. डोके झाकून खेळायला फिफाने २०१४ सालीच परवानगी दिली आहे, ती माहिती त्यांच्या घरापर्यंत आपण पोचवली पाहिजे. लांब पँट घालून खेळायची असेल तर खेळू द्या. मैदानावर येणे महत्त्वाचे.

मुली येत नाहीत, हे सर्वांत आवडते कारण. धाराशिवकडे पाहा. मराठवाड्यातलाच दुष्काळी जिल्हा. तिथे खो-खोचा सराव वर्षानुवर्षे, रोज संध्याकाळी, न चुकता चालत आला. त्यातून सारिका काळे भारतीय संघाची कर्णधार झाल्या आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. रोज संध्याकाळी उघडे असलेले मैदान आणि तिथे हजर असलेला एक प्रशिक्षक असला की मुली येतात. याउलट १५ सप्टेंबर २०१७ आठवा. राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' म्हणून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवला, शाळांना चेंडू वाटले, फोटो निघाले. त्यानंतर ते चेंडू किती शाळांत कपाटाबाहेर आले, हे प्रत्येकाने आपापल्या गावच्या शाळेत जाऊन विचारावे. आमच्याकडची मैदाने काळ्या मातीची. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. मुरूम टाकून, दाबून, पाण्याचा निचरा काढून वर्षभर राखले तरच तिथे चेंडू सरळ घरंगळतो. एका दिवसाच्या मिशनने माती बदलत नाही.

भारतीय महिला फुटबॉलचा इतिहासही हेच सांगतो. १९७५ साली महिला फुटबॉलची वेगळी संघटना निघाली. पुढच्या काही वर्षांत भारत आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला. शांती मलिक यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, बायकांच्या फुटबॉलमधला पहिला. मग कारभार मुख्य महासंघाकडे गेला आणि बायका यादीच्या तळाशी गेल्या. २००९ साली तर सामनेच खेळले नाहीत म्हणून भारताचे नाव फिफाच्या महिला क्रमवारीतून निघाले. हरल्यामुळे नाही, न खेळवल्यामुळे. राष्ट्रीय लीग सुरू झाल्याला दहा वर्षे व्हायच्या आत, ५ जुलै २०२५ ला, याच देशाच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ ने हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोर यांचे.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आक्षेप मला माहीत आहे. शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, अत्याचाराच्या केसेस पडून आहेत, शाळा बंद पडत आहेत, आणि तुम्हाला फुटबॉल सुचतो? त्यांचा राग मी समजू शकते. पण हा विषय भाकरीपासून लांब नाही. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. २००५ साली त्याचा शासन निर्णय निघाला, २०१६ साली सुधारला गेला. त्यासाठी राज्य, राष्ट्रीय किंवा त्याहून वरच्या स्पर्धेतले प्रावीण्य लागते. ज्या मुलीच्या विद्यापीठाचा संघ पहिल्याच फेरीत घरी येतो तिला ते प्रमाणपत्र कुठून मिळणार? मग ती जागा जाते ज्याच्या शहरात अकादमी आहे त्याला, किंवा बोगस प्रमाणपत्र आणणाऱ्याला. ती प्रकरणे आपण वर्तमानपत्रात वाचलीच आहेत. समांतर आरक्षण प्रत्येक प्रवर्गात लागू असते. म्हणजे अनुसूचित जातीच्या जागांतही खेळाडूंचा वाटा आहे, आणि पात्र उमेदवार नसला की तो वाटा खेळाडू नसलेल्याकडे जातो. संविधानाने उघडलेले दार आहे, त्याची किल्ली मैदानात पडली आहे.

दुसरे असे की आपल्या मुलीच्या प्रवेश शुल्कात क्रीडा शुल्क असते. ती शिष्यवृत्तीधारक असली तरी ते तिच्या नावाने महाविद्यालयाला जाते. लातूर पॅटर्नच्या या पट्ट्यात पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत शिकवण्या आणि अभ्यासिका भरलेल्या असतात, मैदान रिकामे असते, आणि त्याला नवल कोणी मानत नाही. एका महाविद्यालयाच्या मैदानावर मी मुलींना दुपारी दोनच्या उन्हात सराव करताना पाहिले. संध्याकाळी का नाही? संध्याकाळी मुलांचे क्रिकेट असते. कोणी हाकलले नव्हते. कोणी ठरावही केला नव्हता. मुलींनीच ती वेळ 'आपली नाही' असे समजून घेतले होते.

विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे मार्चमध्ये येतो. क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाच्या तरतुदीत महिला फुटबॉलसाठी किती रक्कम आहे, शिबिर किती दिवसांचे झाले, मागच्या पाच वर्षांत संघाने एकूण किती सामने खेळले, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जात विचारता येते. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांतून प्रत्येकी एक अर्ज जानेवारीअखेर गेला पाहिजे. अधिसभेवर पदवीधरांतून निवडून गेलेले आपले लोक आहेत, त्यांच्या हातात ही उत्तरे बैठकीआधी असायला हवीत. आणि प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राचार्यांना एक साधे पत्र: संध्याकाळी पाच ते सात, आठवड्यातून तीन दिवस, मैदान मुलींच्या फुटबॉलसाठी राखीव असल्याची लेखी सूचना फलकावर लावावी. अहमदपूरचे पत्र तयार आहे, त्यावर आतापर्यंत तेवीस मुलींनी सह्या केल्या आहेत.